ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरची तक्रार: कुठली खिडकी कामाची, कुठली नावापुरती

रात्रीच्या स्लीपर कोचचा ड्रायव्हर घाटात मोबाईलवर बोलत होता, भांडला, किंवा स्वारगेटचं तिकीट असताना पहाटे वाघोलीला उतरवून निघून गेला. अशी तक्रार घेणाऱ्या खिडक्या महाराष्ट्रात बऱ्याच आहेत: ट्रॅव्हल्सचं ऑफिस, तिकिटाचं अ‍ॅप, आरटीओ, ग्राहक हेल्पलाइन आणि गाडी एसटीची असेल तर आगार. यातली एकही खिडकी सगळी कामं करत नाही. आरटीओ तिकिटाचे पैसे परत देत नाही आणि ट्रॅव्हल्सवाला कुणाचं लायसन्स निलंबित करू शकत नाही. म्हणून आपल्याला पैसे हवेत की कारवाई, हे आधी ठरवावं. दोन्ही हवं असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात.

आधी पुराव्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथेच गळतात. ‘ड्रायव्हर उद्धट होता, गाडी बेफाम चालवत होता’ एवढ्या वाक्यावर कुणीही काही करत नाही. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमकी कृती, या पाच गोष्टी पहिल्या दोन ओळींत याव्यात. नंबर गाडी सुटण्याआधी येणाऱ्या मेसेजमध्ये असतो, पण आयत्या वेळी गाडी बदलते. त्यामुळे चढतानाच नंबर प्लेटचा फोटो काढलेला बरा. ड्रायव्हरचं नाव कळलं नाही तरी अडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मात्र ड्रायव्हर वाटेत बदलतात, म्हणून घटनेची वेळ मिनिटापर्यंत लिहावी.

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा पुरे, पण ड्रायव्हरचा हात, मोबाईल आणि पुढचा चालता रस्ता एकाच चौकटीत दिसला पाहिजे. स्लीपर गाडीत केबिनला काचेचं पार्टिशन असतं आणि रात्री त्यात आपलंच प्रतिबिंब येतं. फोनची लेन्स काचेला टेकवून धरली आणि स्क्रीनचा उजेड कमी केला की चित्र साफ येतं. फ्लॅश अजिबात नको. केबिनमध्ये घुसून चित्रीकरण करणं म्हणजे ड्रायव्हरचं लक्ष आणखी उडवणं. मूळ फाइल तशीच ठेवावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या व्हिडिओतली वेळ-तारखेची माहिती निघून जाते.

वेगाचं प्रकरण थोडं वेगळं. फोनवरच्या स्पीडोमीटर अ‍ॅपचा स्क्रीनशॉट हा अंतिम पुरावा नव्हे, पण गाडीची नोंद मागायला तो चांगला आधार ठरतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या प्रवासी बसला लोकेशन ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण बंधनकारक आहे. त्या यंत्रात वेळ, जागा आणि वेग नोंदला जातो. नियमानुसार ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला स्पीड गव्हर्नर (वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र) चालू असेल, तर समृद्धीवर ११०चा आकडा दिसूच नये. दिसला, तर ‘गव्हर्नर बंद केल्याचा संशय आहे, तपासणी करावी’ असं अर्जात स्पष्ट लिहावं. ‘खूप जोरात’ या शब्दांपेक्षा हे वाक्य अधिकाऱ्याला कामाला लावतं.

आता खिडक्यांकडे वळू. ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात पोकळ. काउंटरवरचा माणूस बहुधा कमिशनवर काम करणारा एजंट असतो. ‘मालकाला सांगतो’ यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं. दुसरी अडचण अटॅच गाड्यांची, म्हणजे मालक वेगळा पण धावते ट्रॅव्हल्सच्या नावाने. बसवर मोठ्या अक्षरात एक नाव आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, दुसरं. तक्रार केली की ‘गाडी आमची नाही’ हे उत्तर तयार असतं. ते ऐकून घेऊ नये. तिकीट ज्याने विकलं, पैसे ज्याने घेतले, सेवेची जबाबदारी त्याची. ड्रायव्हर कुणाच्या पगारावर आहे हा त्यांचा आपसातला प्रश्न. सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर नंबर टाकला की आरटीओ कार्यालय, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. फिटनेस संपलेला निघाला तर तक्रारीचं वजन एकदम वाढतं. ऑफिसला तोंडी सांगू नका, ईमेल करा आणि त्यात ‘ट्रॅकिंगची नोंद आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे’ ही ओळ घाला. चित्रणावर काही दिवसांतच नवं चित्रण चढतं.

बुकिंग अ‍ॅपवाले पैशाच्या बाबतीत बरे. चुकीच्या ठिकाणी उतरवलं, एसी बंद ठेवला, गाडी बदलून खालच्या दर्जाची दिली, अशा तक्रारींत काही ना काही परतावा निघतो. ड्रायव्हरच्या वागण्यावर मात्र माफी आणि पुढच्या प्रवासाचं कूपन मिळतं. कूपन घेण्याआधी त्याखालचा मजकूर वाचावा, ‘तक्रार निकाली’ असं त्यात असू शकतं. चॅटवर वेळ घालवण्यापेक्षा थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. वाघोलीहून स्वारगेटपर्यंतच्या रिक्षाचं किंवा कॅबचं बिल जोडलं तर मागणीला आकडा मिळतो.

एसटीला लोक नावं ठेवतात, पण तक्रार ऐकण्याची सगळ्यात जुनी घडी तिथेच आहे. स्थानकात वाहतूक नियंत्रकाकडे तक्रार पुस्तक मागावं. पुढे आगार व्यवस्थापक आणि त्यावर विभाग नियंत्रक. आपण कुठून चढलो त्यापेक्षा गाडी कुठल्या आगाराची हे महत्त्वाचं. चुकीच्या आगारात दिलेली तक्रार टपालातच फिरत बसते. गाडी क्रमांक आणि सुटण्याची वेळ दिली की ड्युटी कुणाची होती ते आगाराला लगेच कळतं. कारणे दाखवा नोटीस निघाली की तक्रारदाराचा जबाब मागितला जातो. इथे लोक गप्प बसतात आणि प्रकरण बंद होतं. पत्र आलं तर उत्तर द्याच.

एसटीच्या भाड्याच्या गाड्यांवर ड्रायव्हर कंत्राटदाराचे असतात, तरी महामंडळ हात वर करू शकत नाही. मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेट बघत होता. प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहनमंत्र्यांना पाठवला. चालकाला कामावरून काढलं गेलं आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. इतक्या झटपट निकाल लागला तो व्हिडिओ निर्विवाद होता म्हणून. नुसत्या लेखी वर्णनावर ही गती मिळत नाही, हेही खरं.

आरटीओकडे अधिकार सगळ्यात जास्त आणि संवाद सगळ्यात कमी. अर्जात कलम लिहिलं तर टोलवाटोलवी कमी होते. हातात मोबाईल धरून चालवणं, सिग्नल तोडणं आणि धोकादायक ओव्हरटेक कलम १८४ मध्ये येतं: पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. दारूसाठी कलम १८५, पण त्याची तक्रार दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही. श्वासाची किंवा रक्ताची चाचणी तेव्हाच व्हावी लागते, म्हणून वास आला की ११२ लावून पुढच्या टोलनाक्याचं नाव सांगावं. लायसन्स अपात्र ठरवायचा अधिकार कलम १९ खाली आहे.

मालकाला खरी धास्ती परवान्याची. कंत्राटी परवान्याच्या (म्हणजे बहुतेक खासगी ट्रॅव्हल्सच्या) गाडीला वाटेत हात दाखवणारे प्रवासी घेता येत नाहीत. ड्रायव्हर-क्लीनर ‘केबिनमध्ये बसा’ म्हणत रोख पैसे घेऊन माणसं भरतात, हा परवान्याच्या अटींचा भंग आणि कलम ८६ खाली परवाना निलंबित होऊ शकतो. उद्धटपणाच्या तक्रारीसोबत असं काही दिसलं असेल तर ते आधी लिहा, उद्धटपणा नंतर. तिकिटाचा दर एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त घेतला असेल तर तेही जोडा. ही मर्यादा राज्याने २०१८ मध्ये घातली आहे.

नंबर प्लेट अरुणाचल किंवा नागालँडची असेल तर लायसन्स-परवान्याची कागदपत्रं लांब जातात, पण रस्त्यावरच्या गुन्ह्याचं चलान इथलाच आरटीओ किंवा वाहतूक पोलीस करू शकतो. ‘गाडी बाहेरची आहे’ हे कारण तेवढ्यापुरतं चालत नाही. आरटीओने अर्ज दाबून ठेवला तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाकावा; तिथे २१ कामकाजाच्या दिवसांची मुदत असते.

पैशाचा वाद अडला तर आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. पण १,२०० रुपयांच्या तिकिटासाठी तारखांना जायची तयारी असेल तरच या वाटेला जावं. आडवाटेला उतरवून दिल्याने पुढची रेल्वे किंवा विमान चुकलं, अशा प्रकरणात मात्र ती नक्की परवडते.