आरिया प्रो टू एसबी-१०००: चौदा महिने खांद्यावर वागवल्यावर

हा जपानी बेस गिटार मी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तोक्योतल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतला. किंमत ९२ हजार येन, आणि चिठ्ठीवर एक शेरा: ‘गेन्ज्यो वाताशी’. म्हणजे आहे तसा घ्या. जुन्या बाजारात आपल्याकडे ‘बघून घ्या साहेब, नंतर बोलायचं नाही’ म्हणतात ना, तेच. इथे फक्त वाकून नमस्कार करून सांगतात.

खरं तर मला आरिया नकोच होता. मी शोधत होतो १९८५ च्या आसपासचा प्रिसिजन, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीचा जपानमध्ये बनलेला बेस. मार्च १९८२ मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या दोन जपानी कंपन्यांबरोबर फेंडर जपान सुरू केली आणि माल बनवायचं काम गेलं मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडे. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या सीरियल नंबरच्या वाद्यांचे भाव आता डोक्यावरून जातात, म्हणून मी ‘ए’ आणि ‘ई’ अक्षरांच्या मागे लागलो. एका ऑनलाइन लिलावात ‘१९८५, ए सीरियल’ असा बेस दिसला. फोटोत नेकच्या, म्हणजे वाद्याच्या मानेच्या, मुळाशी मागे ए आणि सहा आकडे स्पष्ट. त्याच्या शेजारची इंग्रजी ओळ मात्र नेमकी धुरकट. मी दुसरा फोटो मागितला. विक्रेत्याने पाठवला, आणि त्यात ‘मेड इन जपान’च्या जागी ‘क्राफ्टेड इन जपान’ निघालं.

या एका शब्दात बारा वर्षं जातात. ‘मेड’ लिहिलेला ए म्हणजे १९८५-८६. ‘क्राफ्टेड’ लिहिलेला ए म्हणजे १९९७-९८, जेव्हा फुजिगेनकडचं काम दुसऱ्या कारखान्यांकडे गेलं होतं. अक्षर तेच, वाद्य वेगळं. विक्रेता फसवत होता असं मी म्हणणार नाही, त्यालाही ठाऊक नसेल. पण भाव त्याने ८५ चा लावला होता, ९७ चा नाही. ई अक्षराचंही तसंच: ते १९८४ पासून १९८७ पर्यंत चाललं, त्यामुळे नुसत्या ‘ई’वरून कुणी छातीठोकपणे ‘८४ चा आहे’ म्हणालं तर हसून पुढे जावं.

त्या रात्रीपासून मला नंबर वाचायचं वेड लागलं. प्रत्येक घराण्याची रीत निराळी. आयबानेझमध्ये १९७५ पासून पुढची दहा-अकरा वर्षं पहिलं अक्षर महिना सांगतं, ए जानेवारी ते एल डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्ष. म्हणजे डी८१ दिसलं की एप्रिल १९८१. यामाहाने पुढे अक्षरांचेच आकडे केले: एच म्हणजे १, आय म्हणजे २, जे म्हणजे ३, असं पुढे, पहिलं अक्षर वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरं महिना. दशक कुठलं ते तुम्ही मॉडेलवरून ताडायचं. आरिया प्रो टू त्या मानाने सरळ, त्या काळातल्या नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष. माझ्या हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या डोक्याच्या, मागे ८१ आहे. पण ही किल्ली दुसऱ्या ब्रँडच्या कुलपाला लावू नका, बेस एकाच कारखान्यातून निघालेला असला तरी.

मॉडेलच्या नावातला आकडासुद्धा बोलतो. त्या काळात बऱ्याच जपानी कंपन्या हजार येनमधली किंमत नावातच घालत. फेंडर जपानचा पीबी६२-७५ म्हणजे १९६२ च्या धर्तीवरचा प्रिसिजन, किंमत ७५ हजार येन. हेच नाव, शेवटी ७५ ऐवजी त्याहून मोठा आकडा असता तर लाकूड, रंग, पिकअप (तारेचा कंप पकडणारा भाग) सगळ्यात वरचा माल. विकणारे नेमका हा शेपटीचा आकडा लिहायला विसरतात.

आणि ‘लॉसूट’, म्हणजे खटला, या शब्दाबद्दल माझं मन एकदा मोकळं करू द्या. १९७० च्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल असली की जाहिरातीत ‘लॉसूट एरा’ ठोकून देतात. खटला झाला तो १९७७ मध्ये: गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीची मालक नॉर्लिन विरुद्ध एल्गर, म्हणजे आयबानेझची अमेरिकेतली वितरक. वाद होता गिब्सनच्या उघड्या पुस्तकासारख्या हेडस्टॉकचा, आणि तो कोर्टाबाहेर मिटला. फेंडरच्या जॅझ बेसच्या नकलेचा त्याच्याशी काय संबंध? काही नाही. तो शब्द दिसला की मी मनातल्या मनात किंमत वीस टक्के कमी करतो.

तर आरिया. प्रिसिजन हुकल्यावर महिनाभराने त्या दुकानात गेलो तो खरं तर तारा घ्यायला. कोपऱ्यात हा उभा होता: तपकिरी, लांबच लांब रेघांचा, दोन्ही शिंगं टोकदार. याचं नेक बॉडीला स्क्रूने जोडलेलं नाही. मेपल आणि अक्रोडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेला एकच दांडा हेडस्टॉकपासून थेट मागच्या टोकापर्यंत जातो आणि बॉडीचे पंख त्याला दोन्हीकडून लावलेले. २४ फ्रेट, म्हणजे तार दाबायच्या पट्ट्या, एकच मोठा पिकअप, आणि सहा जागांवर फिरणारं एक बटण. ड्युरान ड्युरान या पॉप बँडचा जॉन टेलर आणि मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा क्लिफ बर्टन, दोघांच्याही गळ्यात हे मॉडेल असायचं. एकाच वाद्यावर ही दोन टोकं वाजतात यातच त्या बटणाची कथा आली.

बनवणारा कारखाना मात्सुमोकू, तोही मात्सुमोतोचाच. तोक्योच्या शिंजुकू स्टेशनवरून ‘आझुसा’ गाडीने अडीचेक तास, नागानोच्या डोंगरांमधलं काळ्या भिंतींच्या किल्ल्याचं गाव. मात्सुमोकूचं मूळ काम सिंगरच्या शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेटं करणं. सुतारकाम पक्कं, यंत्रं हाताशी, मग गिटारी. हे वाचल्यावर मी मिनिटभर थांबलो, कारण मी मिरजेचा. आमच्याकडे सतारी-तंबोरे करणारी शिकलगार मंडळी मुळात तलवारी-भाल्यांना धार लावणारी. शस्त्रांची गिऱ्हाइकं संपली आणि हात भोपळ्याकडे वळले. मात्सुमोकूची कथा मात्र पुढे चालली नाही. सप्टेंबर १९८५ च्या, डॉलर उतरवायच्या प्लाझा करारानंतर येन भराभर महाग झाला, डॉलरला २४० च्या आसपास असलेला भाव वर्षभरात १५० च्या घरात आला, निर्यातीचं गणित मोडलं, आणि १९८७ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणून मात्सुमोकूच्या मालाचा एक फायदा: त्यानंतरची तारीख कुणी सांगितली तर ती खोटी, विषय संपला.

घरी आणल्यावर पहिला आठवडा वाजवलाच नाही, उघडला. नंबर मी आता शेवटी बघतो; आधी स्क्रूची भोकं. एका भोकाशेजारी लाकडाने बुजवलेलं दुसरं भोक दिसलं की तो भाग बदललेला. माझ्यात ब्रिज, म्हणजे घोडी, मूळचा आहे, ट्यूनर, म्हणजे खुंट्या, मूळचे आहेत, तिसऱ्या तारेच्या ट्यूनरचा एक स्क्रू परका. मग मागचं झाकण. डाग दिलेले सांधे सगळे सारखे, जुने, मळकट. एकावर मात्र चकचकीत थेंब, म्हणजे आउटपुट जॅक कधीतरी बदललाय. ते चालतं, जॅक झिजतोच. पिकअप बदललेला असता तर मी परत द्यायला गेलो असतो आणि त्यांनी नमस्कार करून चिठ्ठी दाखवली असती. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट पूड साचलेली होती. कुणीतरी वर्षानुवर्षं बॅटरी आतच विसरलं होतं. जुना ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीच्या सर्किटचा, बेस घेताना हा कप्पा सगळ्यात आधी उघडून घ्या, दुकानात, सगळ्यांसमोर. मी नव्हता उघडला.

व्हिनेगरच्या बोळ्याने संपर्क पुसले, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घातल्या, अँपला लावला, आणि सहापैकी दोन जागांवर नुसती खरखर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण शंभरेक वेळा फिरवलं. पाचवी जागा शुद्धीवर आली. दुसरी अजून हट्टी आहे. पावसाळ्यात, म्हणजे इथल्या जूनमध्ये, ती हमखास रुसते. मला तिची गरजही पडत नाही. माझं बहुतेक काम तिसऱ्या जागेवर होतं: खालचा आवाज जाड, पण मधे दाबलेला नाही, तबल्याच्या बायाखाली दबून जात नाही. सहावीवर बोटाने वाजवलं तरी पिकने वाजवल्यासारखं टोक येतं. छोटा स्विच खाली केला की सगळं सर्किट बाजूला पडतं आणि उरतो तो साधा, थोडा बुजरा आवाज. बॅटरी ऐन कार्यक्रमात संपली त्या दिवशी त्याच आवाजाने लाज राखली. तो कार्यक्रम आमच्या इथल्या मंडळींच्या गणपतीचा होता, आणि दोष माझा: आदल्या रात्री केबल जॅकमध्ये तशीच राहिली होती. केबल घातलेली असली की बॅटरी जळत राहते, आवाज असो नसो.

वजन ४.७ किलो. तासभर ठीक, दोन तासांनी उजवी बाजू विचारायला लागते ‘अजून किती’. चार इंच रुंद पट्टा घेतला तेव्हा निभावलं. खालची कमान खोल कापलेली असल्यामुळे चोविसाव्या फ्रेटपर्यंत हात मोकळा जातो. मी तिथे जाऊन काय करतो हे विचारू नका. नेक पातळ, सरळ, चौदा महिन्यांत ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, फक्त दोनदा हात लावला, हिवाळ्यात एकदा आणि हिवाळा संपताना एकदा. अशा बांधणीत नेकला पीळ पडला तर बदलायची सोयच नाही, अख्खा बेस गेला. म्हणून विकत घेताना ब्रिजकडून एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकायची. हे मात्र मी केलं होतं.

एक खोड राहिली होती. मोकळी ए, म्हणजे तिसरी, तार वाजवली की तिला जवारी लागायची, ती झणझणायची. तंबोऱ्यात हवी तशी, बेसमध्ये नको तशी. मी फ्रेट घासायच्या विचारात होतो. दिवाळीत बेस घेऊन मिरजेला आलो, कौतुक करून घ्यायला, खोटं कशाला बोलू. शेजारच्या गल्लीतले तंबोरे करणारे चाचा बघायला आले. त्यांनी बेस उलटा केला, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

“आन् भोपळा कुठाय ह्याचा?”

“भोपळा नाही चाचा, वायरीतून जातो आवाज.”

“जोड चांगला बसवलाय. कुठं नख शिरंना.” मग मागच्या टोकाला कान लावून म्हणाले, “वाजीव मोकळी.” मी वाजवली. “आता पयल्या पट्टीवर दाबून वाजीव.” वाजवली. “दाबल्यावर गप्प हाय न्हवं? मंग पट्ट्या कशाला घासतोस? दोष अटीत हाय. खाच खाली गेलीया.”

अटी म्हणजे आपला नट, हेडस्टॉकजवळची तारा टेकायची खाचांची पट्टी. पितळी आहे, त्या काळात सगळ्यांना पितळेचं वेड होतं, आस, म्हणजे सूर रेंगाळणं, वाढते म्हणून. आस खरंच लांब आहे, पण चाळीस वर्षं जाड तार घासून पितळाचीही खाच खोल होते. चाचांनी खिशातून सुताचा तुकडा काढला, तार उचलून खाचेत सारला, तार सोडली. आवाज साफ.

“आमी घोडीवर सूत सारतो जवारी यावी म्हणून,” ते म्हणाले, “तुज्यात जावी म्हणून सारावं लागलं. उलटं काम हाय तुजं.”

ते सूत दहा महिने तिथेच होतं आणि काळं पडलं. फ्रेट मी घासले नाहीत, आणि माझे निदान तीस हजार येन वाचले.

घ्यावा का? पहिलाच जपानी बेस असेल तर नको. आधी फुजिगेनच्या काळातला स्क्रूच्या नेकचा साधा बेस घ्या. त्याला काही झालं तर भाग मिळतात, आणि सर्किट म्हणजे एक पिकअप, दोन पॉट (आवाज आणि टोन फिरवायचे). त्यातही मिलिमीटर आणि इंच यांचा घोळ असतो, अमेरिकन नॉब जपानी दांडीवर बसत नाही, पण तेवढं चालतं. एसबीच्या फिरत्या बटणाचे भाग आता नवे मिळत नाहीत आणि मेलेल्या दुसऱ्या बेसमधून काढावे लागतात. ज्याला कव्हरं उघडायला आवडतात त्याने जरूर घ्यावा. नुसता नंबर बघून घेणाऱ्याने कुठलाच जुना बेस घेऊ नये.

गेल्या महिन्यात शेवटी नट बदलायला टाकला. घ्यायला गेलो तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या मुलाने नव्या नटाचं काम दाखवलं, आणि मग दोन कागदी पुड्या समोर ठेवल्या. एकीत जुना पितळी नट. मूळ भाग परत द्यायची इथे रीतच आहे, पुढे विकताना तो किमतीत धरला जातो. दुसरीत काळं पडलेलं सूत, वर बारीक अक्षरात तारीख आणि ‘तिसरी तार’ असं लिहिलेलं. हे कुठल्या कंपनीचं, असं त्याने विचारलं.