वाळवा तालुक्यातील क्षारपड रानात केलेला भूमिगत निचरा : दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचे अडीच एकर काळे रान आहे. एके काळी सरीत शिरलेला माणूस दिसू नये असा ऊस तिथे उभा राहायचा. शेवटी शेवटी मात्र लागणीचे कोंब पिवळे पडून जळू लागले आणि उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरे मीठ फुलून येऊ लागले. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून तिथे सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा करून घेतला, त्या कामाबद्दल हा अभिप्राय आहे.

काम नेटके झाले. लेव्हल लावून साडेतीन-चार फूट खोल चर काढले, माती आत शिरू नये म्हणून गाळणीचे कापड गुंडाळलेले पाइप उताराने बसवले आणि ते मुख्य पाइपाला जोडून पाणी ओढ्यात सोडले. पहिल्या मोठ्या पावसानंतर चेंबरमध्ये चहाच्या रंगाचे पाणी येऊ लागले. त्यात बुडवलेले बोट उन्हात वाळल्यावर त्यावर पांढरा थर दिसला आणि जिभेला तो खारट लागला. पूर्वी वाफसा, म्हणजे मशागत करता येईल इतपत ओल, यायला तीन आठवडे लागत, आता दहा दिवसांत रानात पाय ठेवता येतो. क्षारता मातीतल्या पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. ती मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. आमची या वर्षी प्रथमच त्याखाली आली.

तक्रार एकच, पण मोठी आहे. पाइपाचे तोंड ओढ्यात फार खाली ठेवल्यामुळे नदीला फुगवटा आला की पाणी उलटे रानात शिरत होते. झडप बसवून घ्यायला चार महिने फोन करावे लागले. खर्च एकरी लाखाच्या पुढे जातो, तेव्हा झडपेचे आधीच लिहून घ्यावे.

तरीही हे काम करून घ्यावे, असेच मी सांगेन. मात्र मीठ वर का आले, याचा विचार ज्याने केला नाही त्याचा पैसा वाया जाईल. उपसा योजनांनी नदी बारमाही बांधावर आली, ऊस हे हुकमी पीक ठरले आणि पाणी सावकाश सोडणाऱ्या काळ्या मातीला आम्ही गरज न पाहता, पाळी आली म्हणून पाटाने भिजवत राहिलो. जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढली, केशाकर्षणाने क्षारांसह पाणी वर आले, ते उडून गेले आणि क्षार मागे राहिले. वर रासायनिक खतांचा मारा होताच. जमीन म्हणजे कितीही ओतले तरी भरणार नाही असे भांडे, अशीच आमची समजूत होती. आता तिथे ठिबक आहे आणि दर खोडव्यानंतर धैंचा हे हिरवळीचे पीक गाडायचे ठरवले आहे. चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या, जमिनीत जिप्समही निचऱ्याशिवाय उपयोगी पडत नाही, कारण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट लागते.

ती वाट आमच्या रानातून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत जाते. खालच्या अंगाला ज्यांची मोटर आहे, त्या काकांनी गेल्या उन्हाळ्यात विचारले, "तुमच्या पाइपाचं पाणी हिकडंच येतंय न्हवं?" मी त्यांना हो म्हणालो.