रोजचे २ जीबी घ्यावेत की एकत्र डेटावाला पॅक?

रिचार्जचं ॲप उघडून प्लॅनची लांबलचक लिस्ट समोर आली की बहुतेक जण काय करतात, किंमत भागिले जीबी, जो स्वस्त तो घेऊन मोकळे. पण हा हिशोब मिळणाऱ्या जीबीचा झाला, वापरलेल्या जीबीचा कुठे झाला?

समजा रोज २ जीबी, २८ दिवस. कागदावर ५६ जीबी, मस्त वाटतं. आता ज्याला घरी वायफाय, ऑफिसला वायफाय तो बाहेर असताना मॅप, मेसेज, थोडं स्क्रोलिंग करून दिवसाला ३०० एमबी संपवतो, म्हणजे २८ दिवसांचे सगळे मिळून साडेआठ जीबीच्या आत, बाकीचा डेटा रोज रात्री बारा वाजता गुपचूप उडून जातो आणि त्याला एक जीबी पडतो कागदावरच्या दराच्या सहा-सात पट. अशा माणसाने एकत्र १०-१२ जीबीवाला, म्हणजे रोजची लिमिट नसलेला प्लॅन घ्यावा, लिस्टमध्ये तो पर जीबी महाग दिसेल, दिसू दे.

वायफाय नाही आणि रोज दोन तास व्हिडिओ, तर मात्र गणित उलटं. साध्या क्वालिटीत तासाला अर्धा ते पाऊण जीबी जातो, फुल एचडीत त्याच्या तीन-चार पट सहज. इथे एकत्र पॅक आठवड्यात झोपतो. शिवाय मोबाईल पोरांच्या हातात जात असेल तर रोजची लिमिट बरीच, निदान एका दिवसात सगळं फस्त होत नाही.

'अनलिमिटेड' शब्दावर फार जाऊ नका. कोटा संपल्यावर नेट चालू राहतं खरं, पण बऱ्याच प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसने (हे किलोबिट, ८ बिटचा एक बाईट), म्हणजे सेकंदाला ८ केबी, म्हणजे १ एमबीचा एक फोटो यायला दोन मिनिटं! मेसेज जातील, बाकी गोल गोल फिरत बसेल.

व्हॅलिडिटीत तर खरी गंमत आहे. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १३ वेळा मारावा लागतो, १२ नाही. म्हणून २८ आणि ३० दिवसांच्या प्लॅनमध्ये डेटा रोजचा तेवढाच असेल तर ३० वाला ७ टक्क्यांपर्यंत महाग असला तरी दिवसाला तेवढाच किंवा कमीच पडतो, भाग द्यायचा तो दिवसांनी. ८४ दिवस किंवा वर्षाचा प्लॅन बहुधा दिवसाला स्वस्त पडतो, पण पैसे आधीच गेलेले असतात आणि मध्येच तुमच्या भागात रेंज बिघडली तर अडकलात. नवीन सिम असेल तर आधी लहान प्लॅनच मारा.

पोस्टपेडचं थोडक्यात: उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जमा होतो का आणि लिमिटच्या वर गेलं की काय दराने बिल लागतं, या दोन गोष्टी विचारा, बाकी फॅमिली पॅक वगैरे नंतर.

ठरवण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये डेटा युसेज बघा, वायफाय सोडून फक्त मोबाईल डेटा, गेल्या दोन-तीन महिन्यांचा. तिथेच वर फोटो बॅकअप दिसला तर तो आधी 'फक्त वायफायवर' करा, कधी कधी एवढ्यानेच एक साईज छोटा प्लॅन पुरतो. आणि एखाद्या दिवशीच कमी पडत असेल तर मोठा प्लॅन कशाला, ॲड-ऑन मारायचा, फक्त तो मेन प्लॅन असेपर्यंत चालतो की त्याच रात्री संपतो ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचून मग पैसे भरा.