रॉ फोटो आणि डार्कटेबल: वेंगुर्ल्याकडे सात महिने वापरल्यानंतर

कार्तिकातल्या जत्रेत काढलेला दशावतारी नाटकाचा एक फोटो मी त्यातल्या राजाचं काम करणाऱ्या काकांना दाखवला. त्यांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "माझां तोंड निळां कित्याक दिसता रे?" मंचाच्या एका बाजूला पांढरा एलईडी होता आणि दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब. कॅमेऱ्याने त्यातून मधलाच कुठलातरी रंग धरला आणि जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, कायमचा बसवून टाकला. मी तो सुधारायला गेलो तर निळेपणा गेला, पण गालावरच्या रंगाचे ठिगळासारखे डाग पडले. त्या रात्रीपासून मी रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणारी फाइल, काढायला लागलो. आता मृग लागलाय, जत्रा आणि नाटकं बंद आहेत, म्हणून निवांत लिहितो.

माझ्याकडे कॅनन २०० डी मार्क टू आहे. २४ मेगापिक्सेल, रॉ फाइल सीआर३ प्रकारची. प्रोसेसिंगसाठी संगणकावर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि दर महिन्याला पैसे भरावे लागत नाहीत. वर्षातले चार महिने फोटोग्राफी जवळपास बंद ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आधी रॉ म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण मलाही ते उशिराच कळलं. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो: निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. बाकीचे रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशेब करून भरले जातात. जेपेग काढताना हा हिशेब, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल), कॉन्ट्रास्ट, नॉईज (दाणे) कमी करणं हे सगळं कॅमेरा क्षणात उरकतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. व्हाइट बॅलन्स रॉमध्ये नुसता टिपून ठेवलेला असतो, फोटोत मुरलेला नसतो. जेपेगमध्ये तो मुरतो, आणि काकांचं तोंड निळं पडलं ते नेमकं त्यामुळेच.

पहिला महिना निराशेत गेला, हे मोकळेपणी सांगतो. रॉ फाइल उघडली की फोटो फिका, सपाट दिसतो, आणि शेजारी ठेवलेला जेपेग जास्त चांगला वाटतो. त्यात डार्कटेबलमध्ये मॉड्यूलं, म्हणजे एकेका कामाची साधनं, इतकी, की कुठून सुरुवात करावी तेच कळेना. मी दिसेल ते ओढत होतो. शेवटी पाचच मॉड्यूलं धरली: एक्स्पोजर (उजेड), कलर कॅलिब्रेशन (रंग), सिग्मॉइड (कॉन्ट्रास्ट), टोन इक्वलायझर (अंधाराचे आणि उजेडाचे भाग वेगवेगळे बदलायला) आणि डीनॉइज (दाणे कमी करायला). आधी एक्स्पोजरने चेहरा हवा तितका उजळ करायचा, बाकीचं मग बघायचं. हा क्रम हाताला बसला आणि माझे नव्वद टक्के फोटो त्यातच होऊ लागले. एक खाचखळगा मात्र आहे. नव्या आवृत्त्यांत रंगाचं तापमान (निळेपणा-पिवळेपणा) कलर कॅलिब्रेशनमध्ये बदलायचं आणि जुनं व्हाइट बॅलन्स मॉड्यूल आहे तसंच सोडायचं. दोन्हीकडे हात घातला की रंग बिघडतात. माझे दोन आठवडे यात गेले.

कलर कॅलिब्रेशननेच काकांचा प्रश्न सोडवला. पुढच्या नाटकाला रॉ काढले. मग ते दोनदा लावलं, एक एलईडीच्या बाजूला मास्क करून (म्हणजे तेवढ्याच भागापुरतं), दुसरं बल्बच्या बाजूला. चेहऱ्याच्या मधोमध दोन्ही मास्कच्या कडा मऊ ठेवल्या. कपाळावरचं गंध लाल आलं, गालावरचा रंग जसा समोर बसून दिसला होता तसा आला. संकासुराच्या काळ्या अंगरख्याचं तर आश्चर्य वाटलं. जेपेगमध्ये तो नुसता काळा ढीग दिसत होता. रॉमध्ये सावल्या उचलल्यावर कापडाच्या चुण्या, बाहीची शिवण, सगळं दिसलं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० होता, त्यामुळे सावल्यांत दाणे आले, पण डीनॉइजने ते सोसवण्याइतके झाले. चेहऱ्यावर मात्र डीनॉइज जपून लावा, रंगलेली त्वचा मेणासारखी होते.

रॉचा दुसरा खरा उपयोग रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढून केलेल्या मासेमारीच्या, फोटोंत झाला. आपल्याकडे सूर्य माडांच्या मागून उगवतो. सकाळी वाळूवर सावली असते, दोर ओढणारी माणसं अंधारात असतात आणि समोरच्या समुद्राचं पाणी आधी उजळतं. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एकच झेपतं. आता मी पाण्याच्या चमकेला धरून एक्स्पोजर ठेवतो, माणसं स्क्रीनवर काळी दिसली तरी चालतं. घरी आल्यावर टोन इक्वलायझरने फक्त अंधाराचे भाग वर आणतो: दोराचे पीळ, ओल्या पोटऱ्या, जाळ्यात अडकलेली शेवाळं. उलटं कधीच करू नका. पांढरी जळालेली लाट रॉमधूनही परत येत नाही, तिथे माहितीच नसते. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये थोडी जास्त जागा असते, पण मी तिच्या भरवशावर राहत नाही.

आता त्रासाचं. सात महिन्यांत सुमारे ६,००० फोटो, फाइल साधारण २७ एमबीची, म्हणजे दीडशे जीबीच्या वर. भराभर शटर दाबलं की कॅमेरा मध्येच थांबतो, नाटकातल्या युद्धात हे फार जाचतं. डार्कटेबल तुमच्या मूळ फाइलला हात लावत नाही. केलेलं काम शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहितं. मी एकदा फोल्डर आवरताना नुसत्या सीआर३ फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या आणि एक्सएमपी कचरा समजून पुसल्या. एका जत्रेचं सगळं काम गेलं. मूळ फोटो होते म्हणून पुन्हा करता आलं. एका फोटोवरचं काम कॉपी करून बाकीच्यांवर चिकटवता येतं, तेव्हा दुसऱ्यांदा एका दुपारीच झालं.

प्रिंटच्या वेळीही फसलो. तालुक्याच्या गावातल्या एका लॅबला अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या प्रकारात एक्स्पोर्ट केलेल्या फाइली दिल्या, प्रिंट मरगळलेले आले. एसआरजीबी या नेहमीच्या प्रकारात दिल्यावर ठीक आले. प्रिंटसाठी आधी लॅबवाल्याला विचारा.

पावसाळ्यात इथल्या दमटपणाने लेन्सला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आहे आणि मी जुन्या फाइली पुन्हा उघडतोय. डिसेंबरातले फोटो आता जास्त बरे निघतायत, कारण हात आता सावकाश चालतो. घरच्या कार्यक्रमाचे, बारशा-वाढदिवसाचे फोटो अजूनही जेपेगमध्येच काढतो, तिथे रॉची गरज पडत नाही.

काकांना दुसऱ्या नाटकाचा प्रिंट दिला तेव्हा त्यांनी काही न बोलता तो पेटीत, मुकुटाच्या खाली ठेवला. येत्या कार्तिकात कॅमेरा सी-रॉवर (दाबून लहान केलेल्या रॉवर) ठेवून पूर्ण हंगाम काढणार आहे, फाइल बरीच लहान होते. सावल्या किती उचलता येतात ते तेव्हा याच पुनरावलोकनात भर घालून सांगेन.