कलर टेंपरेचर मोजणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि पैसे घालवून बसलो

लिहू की नको करत होतो, पण अजून कोणी फसायला नको म्हणून लिहितोय. मी छोटेमोठे व्हिडिओ शूट करतो, दोन वेगळ्या एलईडी लाईटचं कलर टेंपरेचर (प्रकाश पिवळसर की निळसर ते, केल्विनमध्ये मोजतात) मॅच करायचं होतं, खरा मीटर परवडेना म्हणून मोबाईलवरचं एक सॉफ्टवेअर वर्षाचं सबस्क्रिप्शन भरून घेतलं. जाहिरातीत म्हणे लॅबसारखी अचूकता, शिवाय रिपोर्टची पीडीएफ निघते आणि त्यावर ‘कॅलिब्रेटेड’ शिक्का, कशावर कॅलिब्रेट केलंय ते देव जाणे.

दोन्ही लाईटला ५६०० केल्विन आलं, मी खूश. फुटेज बघितलं तर अर्धा चेहरा हिरवट! मग शोधाशोध केल्यावर कळलं की केल्विनचा आकडा फक्त पिवळसर ते निळसर एवढंच सांगतो, हिरवी-गुलाबी झाक किती ते डीयूव्ही नावाच्या दुसऱ्या आकड्यात असतं, आणि तो यात दाखवतच नाहीत.

मग म्हटलं बघूच आत काय आहे. एकच बल्ब, फोन तिथेच, बाजूला नुसता लाल टीशर्ट धरला तर आकडा पाचसहाशेने हलला, म्हणजे कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स (समोरचं दृश्य बघून रंग आपोआप बदलणारी सोय) लॉकच केलेला नाही! त्यात फोटो टाकायची सोय होती, तर मी पूर्ण हिरवा चौकोन बनवून टाकला. हिरव्या रंगाला कलर टेंपरेचर असं काही नसतंच, कारण तो आकडा म्हणजे वस्तू किती तापवली की तशा रंगाने चमकेल ते, आणि तापलेली वस्तू लाल, पिवळी, पांढरी, निळसर होते पण हिरवी कधीच होत नाही, तिथे सरळ एरर यायला पाहिजे. याने छातीठोकपणे ६०६९ केल्विन सांगितलं. स्क्रीनच्या हिरव्याचे एक्स ०.३०, वाय ०.६० हे आकडे (कुठलाही रंग अशा दोन आकड्यांत लिहितात) मॅककॅमीच्या १९९२ च्या, त्यावरून केल्विन काढायच्या फॉर्म्युल्यात टाका, बरोब्बर हेच उत्तर येतं. फॉर्म्युला चांगलाय हो, पण पांढऱ्याच्या आसपासच्या प्रकाशासाठी, आणि फुकट आहे, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत बसतो. मी वर्षभराचे पैसे त्या एका ओळीचे भरले.

रिफंड मागितला तर उत्तर आलं की तुमच्या फोनचा सेन्सर सपोर्टेड नाही. पैसे घेताना चालला होता! घ्यायचंच असेल तर ट्रायलमध्येच असा हिरवा चौकोन टाकून बघा. माझ्या चौकोनाची पण ‘कॅलिब्रेटेड’ शिक्क्याची पीडीएफ निघालीय, तीच जोडून त्यांना परत मेल टाकलाय.