विंडी ॲप: एप्रिल-मेमध्ये हिमालयात जाणाऱ्या नाशिककरांच्या किती कामाचं?

नाशिकरोडहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या हंगामात ते तेव्हाच काढावं लागतं. पश्चिमी झंझावाताचा, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात पाऊस-बर्फ पाडणाऱ्या हवामान प्रणालीचा, भरवशाचा अंदाज मात्र चार-पाच दिवस आधीच हाती येतो. म्हणजे हिमालयातल्या सार पास किंवा रुपिन या खिंडींच्या ट्रेकला निघालेल्याला प्रवासाची तारीख हलवता येत नाही. हलवता येतो तो फक्त खिंड ओलांडायचा दिवस, तोही कार्यक्रमात एक राखीव दिवस ठेवला असेल तरच. हा दिवस ठरवायला विंडी हे हवामानाचं मोफत ॲप फार उपयोगी आहे, पण ते उघडल्या उघडल्या जे दाखवतं त्यावर विसंबलात तर फसाल.

सुरुवातीला दिसतो तो जमिनीलगतचा वारा. बहुतेक जण शोधपट्टीत कसोल (सार पासच्या पायथ्याचं गाव) लिहितात, कसोलचं तापमान पाहतात आणि त्या हिशेबाने सॅक भरतात. कसोल साधारण १,५८० मीटरवर आहे, सार पास ४,२०० मीटरच्या वर. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश धरले तर फरक १७ अंशांचा पडतो. कसोलला पहाटे १२ अंश असतील तर खिंडीत उणे ५. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा आला की उघड्या कातडीला ती थंडी उणे १४ ची लागते. म्हणून नकाशावरची खूण (पिन) गावावर नाही, थेट खिंडीवर टाका.

त्यानंतर उंचीची पट्टी. विंडीत ती हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या एककात आहे (जितकं उंच तितका दाब कमी) आणि नवख्याला तिथेच धडकी भरते. लक्षात ठेवायला सोपं आहे: ८५० म्हणजे साधारण १,५०० मीटर, ७०० म्हणजे ३,००० च्या थोडं वर, ६०० म्हणजे ४,२०० ते ४,४०० आणि ५०० म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. सार पाससाठी ६०० ची पातळी जवळजवळ नेमकी बसते. तिथला वारा आणि तापमान पाहा. तळाच्या कॅम्पसाठी ७०० पाहा. वाऱ्याचं एककही तपासून घ्या. ते नॉट्समध्ये असेल तर २५ चा आकडा सौम्य वाटतो, पण तो ताशी ४६ किलोमीटर असतो. रंगांच्या पट्टीवरच्या एककावर टिचकी मारली की ते बदलतं.

झंझावात येतोय हे ओळखायला मात्र ५०० ची पातळीच हवी, आणि विंडीची खरी ताकद इथे दिसते. अफगाणिस्तान-पाकिस्तानवर वाऱ्याच्या रेषा दक्षिणेकडे पोटासारख्या वाकलेल्या दिसल्या की ती द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा. ती पूर्वेला सरकते. तिच्या पुढच्या बाजूला वारा नैर्ऋत्येचा होतो, अरबी समुद्रावरची आर्द्रता ओढून आणतो, ती डोंगराला धडकून वर चढते आणि बर्फ पडतो. द्रोणी पुढे गेली की वारा वायव्येचा होतो, आभाळ निवळतं आणि पारा खाली येतो. ॲपमधली वेळेची पट्टी सरकवत हा बदल नेमका कोणत्या प्रहरात होतोय ते पाहा.

आभाळ निवळलं म्हणजे धोका टळला, ही समजूत जिवावर बेतू शकते. वायव्येचा जोरदार वारा ताजा बर्फ उडवून आडोशाच्या उतारांवर साठवतो आणि कड्यांवर बर्फाचे छज्जे तयार करतो. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाला सर्वांत अनुकूल असतात, भले लख्ख ऊन असो. हिमस्खलनाचा धोका विंडीच्या वारा-पावसाच्या नकाशातून कळत नाही. त्यासाठी संरक्षण संशोधन संस्थेच्या (डीआरडीओ) डीजीआरई या हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या प्रयोगशाळेची पत्रकं आणि हवामान खात्याच्या सिमला वा डेहराडून केंद्राचे इशारे बघायलाच हवेत. पिवळा असेल तर लक्ष ठेवा, नारिंगी असेल तर खिंडीचा दिवस पुढे ढकला, लाल असेल तर खाली उतरा.

विंडीच्या नकाशावरचे आणखी दोन थर (लेयर) रोज पाहावेत. पहिला, शून्य अंशाची उंची. झंझावात आला की ही रेषा झपाट्याने खाली येते आणि बर्फ तिच्याही दोनेकशे-तीनशे मीटर खालपर्यंत पडतो. तुमचा तंबू त्या पट्ट्यात असेल तर भिजलेला, जड बर्फ पडणार हे गृहीत धरा. ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटीमीटर बर्फ होतो, पण वसंतातल्या ओल्या बर्फाचा थर त्याहून कमी आणि वजनदार असतो. तंबूचे दांडे मोडतात ते त्याच्याच भाराने, म्हणून रात्रीतून दोन-तीनदा आतून कापड झटकायचं. दुसरा थर ताज्या बर्फाचा. पुढच्या तीन दिवसांची बेरीज बघा.

आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? विंडी वेगवेगळ्या हवामान प्रारूपांचे (संगणकी मॉडेलांचे) अंदाज दाखवतं आणि प्रत्येक प्रारूप नकाशाच्या चौकटी पाडून हिशेब करतं. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफच्या चौकटी सुमारे ९ किलोमीटरच्या, जर्मनीच्या आयकॉनच्या १३ आणि अमेरिकेच्या जीएफएसच्या त्याहून मोठ्या. कसोल ज्यात आहे त्या पार्वती खोऱ्यासारख्या अरुंद जागी एका चौकटीत दरीही येते आणि धारही येते, आणि प्रारूप दोन्हींची सरासरी काढतं. खिंडीत दाटणारा वारा त्यामुळे प्रत्यक्षात दाखवल्यापेक्षा जोराचा निघतो. तिन्ही प्रारूपं एकच दिवस दाखवत असतील तर तो अंदाज पक्का धरा. तीन दिशांना गेली तर राखीव दिवस हातचा ठेवा. दुपारचा गडगडाट मात्र या जागतिक प्रारूपांना नेमका पकडता येत नाही. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप सोबत असावं आणि खिंड दुपारपूर्वी उतरलेली असावी. पहाटेचा घट्ट बर्फ पायाला धरतो, दुपारी तोच गुडघ्यापर्यंत खचतो.

सराव घरच्या डोंगरांवर करता येतो. साल्हेर १,५६७ मीटर, कळसूबाई १,६४६; दोन्हींना ८५० ची पातळी लागू पडते. जाण्याच्या आदल्या रात्री वाऱ्याचा आकडा आणि दिशा टिपा आणि माथ्यावर ताडून पाहा. चार-सहा गडांत ॲप कुठे कमी सांगतं ते अंगवळणी पडतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना तर हीच ५०० ची द्रोणी ओळखीची हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दक्षिणेला खोल उतरली आणि खालून दमट वारे आले की गारपिटीचं सावट बागांवर येतं.

पैसे भरून घ्यायची आवृत्ती तासातासाचा अंदाज देते, मोफत आवृत्ती तीन-तीन तासांचा. बागायतदाराला फवारणीसाठी तो तपशील उपयोगी पडेल, ट्रेकरला त्याची गरज नाही. कसोलच्या पुढे चढू लागलं की नेटवर्क तुटतं, आणि नेटशिवाय नकाशा ताजा होत नाही. शेवटच्या सिग्नलवर ६०० आणि ७०० चा वारा, शून्य अंशाची उंची आणि ताजा बर्फ यांचे पुढच्या चार दिवसांचे स्क्रीनशॉट काढा आणि ते गटातल्या किमान दोन फोनमध्ये ठेवा, कारण उण्या तापमानात बॅटरी भराभर उतरते. फोन रात्री स्लीपिंग बॅगेत, अंगाजवळ.