पीएच मीटरचे कॅलिब्रेशन : बाटली एक, प्रमाणपत्र तीन बिंदूंचे

भोसरीत आमचा निकेल प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. बाथचा, म्हणजे निकेलच्या द्रावणाचा, पीएच साधारण ४ च्या आसपास राखावा लागत असल्याने मीटरचे कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतो का याची जुळणी) आम्ही बाहेरून करून घेतो. या वेळी ज्याने जागेवर येऊन तीन बिंदूंचे कॅलिब्रेशन करून देण्याचे ठरवले होते, त्याने सुपरवायझरच्या देखत बॅगेतून ७ च्या बफरची, म्हणजे ठरावीक पीएच असलेल्या द्रावणाची, एकच बाटली काढली, इलेक्ट्रोड तीत बुडवून बटण दाबले आणि आकडा ७.०० येताच रोख पैसे घेऊन तो निघून गेला. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रमाणपत्र आले. त्यात ४.०१, ७.०० आणि १०.०१ या तिन्ही ठिकाणी त्रुटी शून्य, आणि तापमान २५.० अंश! मे महिन्यातल्या दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये!

७ लाच मीटर लावून दाखवण्यात खरी मेख आहे. त्या बिंदूला इलेक्ट्रोड जवळजवळ शून्य मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे थकलेला इलेक्ट्रोडही तिथे बिनचूक वाटतो. त्याचा कस लागतो तो ४ किंवा १० ला. २५ अंशांना पीएचच्या प्रत्येक एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. यालाच स्लोप म्हणतात.

पुढे गिऱ्हाइकाकडून थर पातळ असल्याची तक्रार आली, तेव्हा मी ४.०१ बफरची सीलबंद बाटली आणून तपासले. मीटर ४.६ दाखवत होता आणि इलेक्ट्रोड सुमारे १७७ ऐवजी १४१ मिलिव्होल्ट देत होता, म्हणजे स्लोप जेमतेम ८० टक्के. मीटरवर ४.२ दिसावे म्हणून कामगार सल्फ्युरिक आम्ल घालत राहिला आणि प्रत्यक्षात बाथ ३.५ पर्यंत उतरला; पीएच इतका खाली गेला की थर पातळ बसतो. निकेल बाथचा पीएच चालता चालता वाढतोच, त्यामुळे आम्ल घालण्यात कोणाला वावगे वाटले नाही.

त्या माणसाला फोन केला तर 'इलेक्ट्रोड तुमचाच जुना' हे उत्तर मिळाले. जुना होता, तर प्रमाणपत्रात शून्य त्रुटी कशी, यावर त्याने फोन ठेवला.

पैसे देण्याआधी आपल्याकडच्या ताज्या ४ आणि १० च्या बफरमध्ये वाचन घ्यायला लावावे आणि स्लोप लिहून मागावा. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली सरकतो, म्हणून उघडून ठेवलेली बाटली चालवून घेऊ नये. प्रमाणपत्रावर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह असेल, तर प्रयोगशाळेचे नाव आणि तिला कोणत्या कामाची मान्यता आहे, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते. आमच्या प्रमाणपत्रावरचे नाव तिथे सापडलेच नाही.